एडिटर नेमका कुणासाठी खोळंबलाय?

डबल क्लिक केलं, कर्सर गरगर फिरतोय आणि खिडकी काही उघडत नाही. लगेच रॅम वाढवायला पळू नका. बऱ्याचदा एडिटर तयार असतो, खोळंबलेला असतो तो दुसऱ्याच कुणासाठी. कुणासाठी, ते बघा.

स्वतःच्याच नावासाठी
ईमॅक्स या एडिटरच्या जुन्या आवृत्त्या सुरू होताना आधी आपल्या संगणकाचं पूर्ण नाव शोधायच्या. 'होस्ट्स' फाइलमध्ये ते सापडलं नाही की चौकशी नेटवर्कवर जायची आणि उत्तर येईपर्यंत सगळं ठप्प! इलाज एका ओळीचा: त्या फाइलीत १२७.०.०.१ पुढे संगणकाचं नाव टाकायचं.

कॉपी-पेस्टसाठी
लिनक्सच्या टर्मिनलमधला विम हा एडिटर क्लिपबोर्डसाठी एक्स सर्व्हरशी, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामशी, जोडणी करू बघतो. लांबच्या सर्व्हरवर बसून काम करत असाल आणि जोडणी मंद असेल, तर तो तिथेच अडतो. 'विम'पुढे हायफन आणि कॅपिटल एक्स दिला की हा नाद तो सोडतो.

बंद प्रिंटरसाठी
वर्ड हा टेक्स्ट एडिटरचा थोरला भाऊ. पानाची मांडणी ठरवताना तो डिफॉल्ट प्रिंटरचा सल्ला घेतो. तो प्रिंटर नेटवर्कवरचा आणि बंद असला, की छापायचं काहीच नसतानाही वर्ड रखडू शकतो. डिफॉल्ट म्हणून 'प्रिंट टू पीडीएफ' निवडून बघा.

वऱ्हाडासाठी
गिटहबने २०१४ मध्ये आणलेल्या अ‍ॅटम एडिटरसाठी जो सांगाडा बनला, तोच पुढे इलेक्ट्रॉन झाला. त्याच्या पोटात क्रोमियम ब्राउझर असतो. अ‍ॅटम १५ डिसेंबर २०२२ रोजी बंद झाला, पण २०१५ चा व्हीएस कोड एडिटर आजही इलेक्ट्रॉनवरच चालतो. म्हणजे चार ओळी लिहायला आख्खा ब्राउझर उठतो आणि मागून एक्स्टेन्शनचं वऱ्हाड!

चोर सहा फेऱ्यांत
वऱ्हाडात गोंधळ घालणारा एकच असेल, तर व्हीएस कोडमधलं 'एक्स्टेन्शन बायसेक्ट' कामाला लावा. ते निम्मी एक्स्टेन्शन बंद करून विचारतं, 'अजून त्रास आहे?' मग उरलेल्यांतली निम्मी. ६४ एक्स्टेन्शन असली तरी साधारण ६ फेऱ्यांत गुन्हेगार हाती.

मिलिसेकंदांचा हिशेब
विमला दोन हायफन लावून 'स्टार्टअपटाइम' आणि एका फाइलचं नाव द्या. कोणती स्क्रिप्ट किती मिलिसेकंद खाऊन गेली, ते तो ओळीओळीने लिहून ठेवतो. शेवटी 'विम स्टार्टेड' अशी ओळ असते, तिच्यातला पहिला आकडा म्हणजे एकूण वेळ.

दुसऱ्यांदा पटकन का?
पहिल्या वेळी डिस्कवरून वाचलेल्या फाइली ऑपरेटिंग सिस्टिम मेमरीत ठेवते. म्हणून खरी परीक्षा संगणक रीस्टार्ट केल्यावरच्या पहिल्या क्लिकची.

आधी हे करा
एडिटर एकदा 'सोवळ्यात' सुरू करा: ईमॅक्सला हायफन कॅपिटल क्यू, विमला दोन हायफन लावून 'क्लीन', व्हीएस कोडला तसंच 'डिसेबल-एक्स्टेन्शन्स'. आता तो झटकन उघडला, तर दोष सेटिंग किंवा प्लगइनचा. तरीही रेंगाळला, तर नेटवर्क, प्रिंटर आणि अँटिव्हायरसकडे वळा.

आणि अस्सल तोडगा
ईमॅक्सच्या नावातल्या इंग्रजी अक्षरांवरून जुनी थट्टा होती: 'एट मेगाबाइट्स अँड कॉन्स्टंटली स्वॅपिंग', म्हणजे आठ मेगाबाइट आणि मेमरी-डिस्कची सतत अदलाबदल. त्याच्या भक्तांनी उपाय काढला. लॉगिन होताच ईमॅक्स 'डीमन' म्हणून पडद्यामागे सुरू करायचा आणि दिवसभर बंदच करायचा नाही. जो बंदच होत नाही, त्याला सुरू व्हायला वेळ लागेलच कसा?