मणक्यालगतची गाठ

कंबरेतून पायात उतरणारी कळ म्हटली की आपल्याकडे निदान घरीच होतं: गादी सरकली. बहुतेकदा ते बरोबरही निघतं. पण आडवं पडल्यावर कळ वाढत असेल, रात्री उठून बसावं लागत असेल, तर एमआरआय टाळू नये. क्वचित त्यात नसेच्या मुळाशी गुळगुळीत गाठ दिसते. तिचं नाव श्वानोमा.

नसेच्या तंतूंभोवती आवरण घालणाऱ्या श्वान पेशींपासून ती वाढते. सहसा कर्करोगाची नसते, पण जागा अडचणीची. कधी कधी नस बाहेर पडते त्या छिद्रातून ती दोन्हीकडे फुगते आणि वर्षानुवर्षांच्या दाबाने हाड झिजवून छिद्रच रुंद करते. मधे बारीक, टोकांना जाड अशा गाठीला डॉक्टर डंबेल म्हणतात.

गाठ काढताना खरा प्रश्न आकाराचा नाही. तंतू कुठून जातात हा आहे. श्वानोमा तंतूंना कडेला ढकलते, म्हणून ती सोलून काढता येते. न्यूरोफायब्रोमा या नसेच्याच दुसऱ्या प्रकारच्या गाठीत मात्र तंतू आतूनच जातात. एमआरआयवर दोन्ही सारख्या दिसू शकतात; नक्की काय ते काढलेल्या गाठीच्या तपासणीतच ठरतं. चित्र नेहमीचं असेल तर आधी सुई घालून तुकडा घेणं बरेचदा टाळतात, कारण सुई नसेलाच लागू शकते. घातक गाठीचा संशय असेल तर मात्र तुकडा आधी हवाच.

१८८७ साली लंडनमध्ये सर्जन व्हिक्टर हॉर्स्ले यांनी मज्जारज्जूवर दाब देणारी गाठ यशस्वीपणे काढली. क्ष-किरणांचा शोधही लागायचा होता. जागा लक्षणांवरून हेरलेली. उघडल्यावर गाठ दिसेना, तेव्हा आणखी वर हाड काढत गेल्यावर सापडली!

आज मणक्याची मागची कमान थोडी काढून, सूक्ष्मदर्शकाखाली मज्जारज्जूचं आवरण उघडतात. गाठ आतून पोकळ करत लहान करतात, मग कडा सोडवतात. ज्या मूळ-तंतूवर ती उगवली तो विजेच्या हलक्या झटक्याने तपासतात. स्नायू हलला नाही तर तंतू कापतात. तो बहुधा संवेदनेचा असतो आणि शेजारच्या मुळांनी त्याचं काम आधीच उचललेलं असतं. त्यामुळे मागे राहिलाच तर एखादा बधिर पट्टा. नंतर जखमेतून पाण्यासारखा स्राव आला किंवा उठून बसल्यावर डोकं ठणकलं, तर लगेच सर्जनला कळवायचं: आवरणाची शिवण गळत असू शकते.