शिरपूर पॅटर्न: नाला खोदण्याआधी खडक पाहा

खान्देशात दुष्काळ पायरीपायरीने येतो. आधी विहिरी तळाला जातात, मग बोअर आटतात, शेवटी गावात टँकर येतो. हा धोका कमी करण्याचे शास्त्र शिरपूरने वापरले. हा पॅटर्न राज्यभर जाताना आधी खडक पाहण्याची मुख्य अट मात्र मागे पडली.

शिरपुरात काय झाले?

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेत काम केलेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी 2004 पासून धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात हे काम उभे केले. पाठबळ आमदार अमरिशभाई पटेल यांचे होते. नाले रुंद आणि खोल केले, त्यांवर ओळीने सिमेंट बंधारे बांधले, कोरड्या विहिरींतही पाणी सोडले. विहिरींची पातळी वर आली.

खडकाचा संबंध काय?

शिरपुरात तापीकाठी गाळाचे जाड थर आहेत. त्यातली पिवळी चिकणमाती पाणी मुरू देत नाही. ती फोडली की पाणी खालच्या वाळूपर्यंत पोचते. काळ्या पाषाणाच्या भागात पाणी वरच्या मुरमात आणि भेगाळलेल्या खडकात साठते. तिथे मुरूमच उकरला तर पाणी धरणारा थर जातो आणि आजूबाजूच्या विहिरींचे पाणी नाल्यात उतरू शकते.

राज्यात काय झाले?

डिसेंबर 2014 मध्ये जलयुक्त शिवार अभियान आले आणि नाला खोलीकरण गावोगावी पोचले. शास्त्रीय पाहणीविना खोदाई होते, अशी तक्रार घेऊन अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा उच्च न्यायालयात गेले. त्यानंतर माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांची समिती नेमली गेली. 2020 च्या कॅग अहवालाने अभियानाची कामे होऊनही अनेक गावांत पाणी पुरत नसल्याचे नोंदवले.

जळगावची परीक्षा

जळगाव जिल्ह्यातल्या यावल, रावेर, चोपडा या केळीच्या पट्ट्यात उपसा मोठा आहे. सातपुड्याच्या पायथ्याची गोटे-वाळूची जमीन पाणी झपाट्याने मुरवते. याच गुणावर तापीचे पाणी जमिनीत मुरवण्याची तापी मेगा रिचार्ज योजना बेतली आहे. तिच्यासाठी 10 मे 2025 रोजी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात करार झाला. मात्र मुरलेल्या पाण्याइतकाच उपसाही मोजला नाही, तर योजना टिकणार नाही.

ग्रामसभेत काय विचारावे?

पोकलेन लावण्याआधी तीन गोष्टी मागा: थरांची पाहणी, विहिरींच्या पातळीची नोंद आणि पिकांना लागणाऱ्या पाण्याचा ताळेबंद. या तिन्ही नसतील, तर कामाला मंजुरी देऊ नका.