नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

बँकेच्या अर्जात बायकोचं नाव नॉमिनी म्हणून भरलं की झालं, असं अनेक घरांत गृहीत धरलेलं असतं. पण नॉमिनी हा सहसा केवळ रक्कम ताब्यात घेणारा विश्वस्त. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते. शेअर आणि म्युच्युअल फंडांनाही हेच लागू, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023मध्ये स्पष्ट केलं. तो वाद होता ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेचा. सहकारी गृहनिर्माण संस्थेतही नॉमिनी हंगामी सभासदच.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं. मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी ऐच्छिक (तरी करावीच). दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. साक्षीदार लाभार्थी नसलेले, शक्यतो आपल्यापेक्षा वयाने लहान निवडावेत. गोव्यात मात्र मुलं असतील तर मृत्युपत्राने हवं त्याला देण्याची मोकळीक निम्म्याच मालमत्तेपुरती.