रोजा, प्रथिने आणि खर्‍याची पन्नी

छोटा ताजबागच्या बाजूने सक्करदरा चौकाकडे येताना मगरीबची अजान झाली की रस्ता क्षणभर सुनसान होतो. खजूर, पाणी, दोन भजी, नमाज. पंधरा-वीस मिनिटांत लोक पुन्हा बाहेर येतात आणि सगळ्यात आधी गर्दी दिसते ती पानठेल्यावर. पहाटेपासून पाण्याचा थेंबही न घेतलेले हात पन्नीत खर्रा घोटत असतात.

आमचे मामू याच गर्दीतले. तीस वर्षे रोज तीन-चार पन्न्या. मग गालाच्या आत पांढरा चट्टा, हळूहळू तोंड उघडेनासे झाले आणि शेवटी तपासणीचा तो कागद. ऑपरेशन झाले, शेक आणि केमो सुरू झाली आणि नेमका रमजान आला. मामूंनी जाहीर केले, "तीसही रोजे धरणार." घरात सगळे गप्प. त्यांनी मोबाइल पुढे केला. त्यात संदेश होता की, रोजा धरला की शरीर कॅन्सरच्या पेशी खाऊन टाकते आणि हे शोधणार्‍या जपानी शास्त्रज्ञाला नोबेल मिळाले आहे.

गंमत अशी, की हाच संदेश आमच्या शेजारच्या काकूंकडे नवरात्रात आला होता. तिथे ‘रोजा’च्या जागी ‘उपवास’ होता, बाकी नोबेलसकट सगळे तेच.

खरे काय ते असे. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली नोबेल मिळाले, हे बरोबर. पण त्यांनी अभ्यास केला तो किण्वाचा, म्हणजे पाव फुगवणार्‍या यीस्टचा. उपाशी ठेवलेली यीस्टची पेशी स्वतःतले जुने, मोडके भाग गिळून त्यांचा पुन्हा वापर कशी करते, त्यामागची जनुके कोणती, हे त्यांनी शोधले. या क्रियेला ऑटोफॅजी म्हणतात. आपल्या पेशींतही ती चालते. निरोगी पेशीला ती साफसफाई म्हणून उपयोगी पडते. मात्र गाठ एकदा तयार झाली की कॅन्सरच्या पेशीही हीच युक्ती वापरून उपासमारीत तग धरू शकतात. संदेशात ही अर्धी गोष्ट नसते.

तरीही रोजा आणि कॅन्सर यांचा एकत्र विचार कुणी केलाच नाही, असे नाही. अमेरिकेत ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये डॉ. आयशे लैला मिंदिकोलू आणि सहकार्‍यांनी १४ निरोगी माणसांचे रक्त तपासले. ही माणसे ३० दिवस पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत, रोज १४ तासांहून अधिक, काही खात-पीत नव्हती. रक्त तीनदा घेतले : सुरुवातीला, चौथ्या आठवड्याच्या शेवटी आणि रोजे संपल्यावर आठवड्याने. २०२०मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यासाठी वापरलेल्या शास्त्राचे नाव प्रोटिओमिक्स, म्हणजे शरीरातल्या सगळ्या प्रथिनांचा एकत्र अभ्यास.

हे शास्त्र समजायला आपले स्वयंपाकघर पुरे. अम्मीची पाककृतींची वही शाबानमध्ये असते तीच रमजानमध्ये असते, एक पानही बदलत नाही. पण संध्याकाळी सहाला चुलीवर काय चढले आहे, ते मात्र पार वेगळे. जनुके म्हणजे ती वही. त्यात प्रथिनांच्या साधारण वीस हजार पाककृती आहेत. प्रथिने म्हणजे त्या घडीला पातेल्यात शिजत असलेला जिन्नस. वही वाचून घरात आज काय शिजले ते कळत नाही, झाकण उघडून पाहावे लागते. प्रोटिओमिक्स झाकण उघडते. प्रथिनांचे तुकडे करून मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्रात त्यांचे वजन केले जाते आणि त्यावरून कोणते प्रथिन किती आहे ते ओळखता येते.

आपल्याकडेही हे काम होते. मुंबईत पवईच्या आयआयटीत प्रा. संजीव श्रीवास्तव यांची प्रयोगशाळा यात आहे आणि टाटा मेमोरियलसोबत ही संस्था कॅन्सरची जनुके व प्रथिने एकत्र तपासणार्‍या आंतरराष्ट्रीय गटात सामील झाली आहे. बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मॅटिक्सचा तर २०१४ साली मानवी प्रथिनांचा पहिला मोठा नकाशा तयार करण्यात बरोबरीचा वाटा होता. त्यात १७ हजारांहून अधिक जनुकांची प्रथिने सापडली.

म्हातारपण आणि कॅन्सर यांचे नातेही प्रथिनांतून उलगडते आहे. स्टॅनफर्डच्या शास्त्रज्ञांनी २०१९मध्ये १८ ते ९५ वयाच्या ४,२६३ माणसांच्या रक्तातली सुमारे तीन हजार प्रथिने मोजली. वय सरळ उतारासारखे घसरत नाही, तर लाटांनी येते, असे दिसले. मोठे बदल ३४, ६० आणि ७८ या वयांच्या आसपास. (साठी बुद्धी नाठी म्हणणार्‍यांना यंत्राशिवायच एक लाट सापडली होती म्हणायची.)

पेशीला इजा झाली की पी-५३ नावाचे प्रथिन ब्रेक दाबते : दुरुस्ती कर, नाहीतर विभाजन थांबव. हा ब्रेक निकामी झाला की कॅन्सरला वाट मिळते, तोंडाच्या कॅन्सरमध्ये तर हे फार वेळा दिसते. आणि ब्रेक कायमचा लागला की पेशी म्हातारी होऊन तशीच बसून राहते. अशा पेशी वयाबरोबर साठत जातात आणि सूज वाढवणारी प्रथिने सोडत राहतात. त्याने शेजारच्या पेशी बिघडतात, कधीकधी त्यांच्यातल्या गाठीलाच बळ मिळते. म्हणजे कॅन्सरपासून वाचवणारी सोयच उतारवयात त्रास देते.

ह्यूस्टनच्या त्या १४ जणांच्या रक्तात चौथ्या आठवड्याला काय दिसले? गाठी रोखणारी आणि डीएनए दुरुस्त करणारी काही प्रथिने वाढलेली, गाठींना मदत करणारी काही घटलेली. वाचून मला आनंद झाला, खोटे कशाला बोलू. पण माणसे चौदाच आणि सगळी निरोगी. त्यांची तुलना त्यांच्याच आधीच्या रक्ताशी. कॅन्सर झालेला कुणी बरा झाला, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही.

मामूंना हे सगळे सांगायला मला एक अख्खी दुपार लागली. त्यांच्या केमोत सिस्प्लॅटिन होते. ते मूत्रपिंडाला त्रास देते, म्हणून भरपूर पाणी लागते. डॉक्टरांनी हात जोडून सांगितले होते, "पाणी सोडू नका." शेवटी मशिदीतले मौलाना घरी आले. त्यांनी प्रथिनांबद्दल काहीच विचारले नाही. आजार्‍याला सूट कुराणातच आहे, बरे झाल्यावर रोजे भरून काढा, बरे होण्याची आशा नसेल तर फिदया म्हणून एका रोज्यामागे एका गरिबाला जेवण द्या, एवढेच बोलले. आणि जाताना म्हणाले, सूट नाकारणे ही काही जास्तीची इबादत नव्हे. मामू ऐकून रडले. शेजारच्या काकूंनी त्या दिवसापासून दुपारी त्यांच्यासाठी पातळ मुगाची खिचडी पाठवायला सुरुवात केली.

मला मात्र त्या अभ्यासापेक्षा पानठेल्याचा हिशेब जास्त सतावतो. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२पासून बंदी आहे, खर्रा मात्र पानठेल्यावर डोळ्यांदेखत घोटला जातो. नुसती सुपारीही, तंबाखूशिवाय, कॅन्सरला कारण ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४मध्येच प्रसिद्ध केले. तुकडोजी पुतळ्याजवळ राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, विदर्भभरातून लोक तिथे येतात. तिथून पानठेला फार लांब नाही.

ज्याला एरवी दोन तास खर्‍याशिवाय काढवत नाहीत, तो माणूस रमजानात तेरा-चौदा तास सहज काढतो. डोके दुखते, चिडचिड होते, पहिले चार दिवस जड जातात, मग जमते. महिनाभर. आणि अजान झाली की तेच हात पुन्हा पन्नीकडे.

मामूंचे तोंड आता दोन बोटे उघडते. इफ्तारच्या वेळी ते दारात खुर्ची टाकून बसतात, चमच्याने खजुराचे दूध घेतात. समोरच्या ठेल्यावर ओळखीचा पोरगा दिसला की हाक मारतात, "इकडे ये रे बाबू." तो आला की बोलत काही नाहीत. आपले तोंड जेवढे उघडते तेवढे उघडून दाखवतात. परवा एक पोरगा पन्नी खिशात घालून उभा राहिला आणि विचारू लागला, "मामू, तुमचं पहिल्यांदा दुखलं होतं का?" मामूंनी मान हलवली. नाही, अजिबात दुखले नव्हते.