‘रस’ शब्दाची चिकित्सा

जालना जिल्ह्याचे नाव निघताच मोसंबी आठवते. येथील मोसंबीस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले. त्यामुळे आमच्या भागातील रुग्णास ‘रस’ म्हणताच पेलाभर गोड पेय डोळ्यांसमोर येते. औषधाच्या डबीवरील ‘रस’ मात्र निराळा असतो. म्हणून या शब्दाचा अर्थविचार आम्हांस आवश्यक वाटतो.

‘रस्’ धातूचा एक अर्थ आस्वाद घेणे. रसनेंद्रियाचा विषय तो रस, असे चरकाचार्य मानतात. मधुरादी षड्रस ते हेच. सुश्रुताचार्यांनी गती हा अर्थ घेऊन शरीरात अहोरात्र संचार करणाऱ्या आद्य धातूस रस म्हटले. रसशास्त्रात सुवर्णादी सर्व धातूंना ग्रासणारा पारद ‘रस’ ठरला. शार्ङ्गधरांच्या पंचविध कषायकल्पनांतील पहिला ‘स्वरस’ म्हणजे ताजी वनस्पती कुटून, वस्त्रातून पिळून काढलेला द्रव.

‘ज्यूस’ या शब्दाचे कूळ आणखी वेगळे आहे. तो फ्रेंचमार्गे लॅटिन ‘यूस’पासून आला. त्याचा मूळ अर्थ शिजवून काढलेले सत्त्वयुक्त पाणी. भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते आपल्या ‘यूष’ शब्दाशी जोडतात. म्हणजे ज्यूसचा खरा भाऊबंद मोसंबीचा रस नसून पथ्यातील मुगाचे कढण होय! ‘रस’ शब्दाचे सगोत्र लॅटिनमध्ये ‘रोस’, अर्थात दव.

हा केवळ शब्दविनोद नव्हे. स्वरसाची शास्त्रोक्त मात्रा अर्धा पल, म्हणजे सुमारे २४ मिलि. हिंगूळ व बचनागयुक्त आनंदभैरव रस मात्र गुंजेच्या मापाने द्यावयाचा. १ गुंज म्हणजे सुमारे १२५ मिलिग्रॅम. दोन्ही मापांत जवळजवळ दोनशे पटींचे अंतर आहे. ‘रस आहे, थोडा अधिक घेतला तर काय बिघडले?’ हा समज येथे घातक ठरू शकतो.

औषध नियमांच्या अनुसूची ई(१) मधील द्रव्ये असलेल्या पोटात घ्यावयाच्या औषधांवर, ती वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावीत, अशी सूचना छापणे बंधनकारक आहे. तथापि छापील सूचना प्रत्येक रुग्ण वाचतोच असे नाही.

यास्तव वैद्यांनी चिठ्ठीवर नुसते ‘रस’ न लिहिता कल्पाचे पूर्ण नाव, गोळी की स्वरस, मात्रा, अनुपान व कालावधी स्पष्ट लिहावा. औषधविक्रेत्यांनी संदिग्ध चिठ्ठीवर अंदाजाने औषध न देता वैद्यास विचारावे आणि डबी हाती देताना ‘हा प्यावयाचा रस नव्हे’ एवढे तरी अवश्य सांगावे.