आंजर्ल्यात होमस्टे बुक करताय? पत्त्यातला ‘एस’ काय सांगतो, काय नाही

कासवांची पिल्लं समुद्रात जाताना पाहायला मार्च-एप्रिलमध्ये आंजर्ल्याकडे पर्यटक वळतात. खोलीचा अ‍ॅडव्हान्स त्याआधीच मोबाइलवरून गेलेला असतो. तो भरताना वेबसाइटच्या पत्त्याशेजारी ‘नॉट सिक्युअर’ दिसलं, तर थांबा.

साधं एचटीटीपी म्हणजे एसटीतून कुणाच्या तरी हाती पाठवलेली उघडी चिठ्ठी. फुकट वायफाय चालवणारासुद्धा ती वाचू शकतो, बदलूही शकतो. एचटीटीपीएसमध्ये तोच मजकूर कूटबद्ध होऊन जातो. जुलै २०१८पासून क्रोम प्रत्येक एचटीटीपी साइटवर हा इशारा दाखवतं.

होमस्टेवाल्यांना खर्चाची धास्ती नको. ‘लेट्स एन्क्रिप्ट’चं प्रमाणपत्र मोफत आहे. मुदत मात्र ९० दिवसांची. आपोआप नूतनीकरण लावलं नसेल, तर ऐन हंगामात गिऱ्हाइकाला खोल्यांऐवजी धोक्याचं पान दिसेल! जुने पत्ते ३०१ रीडायरेक्टने नव्याकडे वळवा. पानातल्या फोटोंच्या लिंकही बदला, हे हमखास राहून जातं.

पण गोम इथेच आहे. एचटीटीपीएस वाट सुरक्षित करतं, पलीकडे बसलेल्या माणसाची हमी देत नाही. बनावट होमस्टेची साइटही तेच मोफत प्रमाणपत्र घेऊ शकते. लोक कुलपाला सचोटीचा शिक्का समजत होते, म्हणून क्रोमने २०२३मध्ये ते चिन्हच बदललं. तेव्हा साइटवरचा नंबर सोडून दुसरीकडून नंबर मिळवा, फोन करा, मगच पैसे पाठवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० लावा.