गांधीलमाशीचा आरसा

३० मे १९११. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या ट्रॅकवर चाळीस गाड्या सुटायच्या तयारीत होत्या. पहिलीवहिली पाचशे मैलांची शर्यत. त्या काळी ड्रायव्हरशेजारी मेकॅनिक बसायचा. तेलाकडे आणि टायरकडे बघायचं, मागून कोण येतंय ते सांगायचं, हे त्याचं काम. रे हॅरूनच्या ३२ नंबरच्या पिवळ्या-काळ्या ‘मार्मन वॉस्प’मध्ये मात्र जागाच एकाची. वॉस्प म्हणजे गांधीलमाशी. निमुळती शेपटी पाहिली की नाव पटतंच.

बाकीचे ड्रायव्हर कुरकुरले. याला मागचं दिसणार कसं? हॅरून पडला इंजिनिअर. त्याने समोर सळयांवर आठ इंच लांब, तीन इंच उंच आरसा बसवून टाकला. शिकागोत एका घोडागाडीला असा आरसा पाहिला होता, असं तो सांगे. मला हे फार आवडतं: मोटारीच्या युगाला मागे बघायला शिकवलं ते घोडागाडीने!

आता त्या ट्रॅकविषयी. कार्ल फिशर आणि त्याच्या तीन भागीदारांनी १९०९ मध्ये अडीच मैलांचा ट्रॅक बांधला, खडी आणि डांबराचा. ऑगस्टच्या शर्यतींत तो उखडला, खडी तोफगोळ्यांसारखी उडाली आणि प्रेक्षकांसह पाच जणांचा जीव गेला. मग फिशरने विटा घातल्या. थोड्याथोडक्या नव्हेत, ३२ लाख! एकेक वीट चार किलोंहून जड, आणि काम उरकलं ६३ दिवसांत.

याच विटांवरून हॅरूनची गाडी दोनशे फेऱ्या धावली आणि पहिली आली. मधल्या काही फेऱ्यांत ती बदली ड्रायव्हर सायरस पॅच्कीने चालवली. वेळ ६ तास ४२ मिनिटं, सरासरी वेग ताशी १२० किलोमीटर. एका अपघाताच्या धांदलीत फेऱ्यांची मोजणी विस्कटली, त्यामुळे दुसरा आलेला राल्फ मलफर्डच खरा विजेता, असं म्हणणारे आजही सापडतात. हॅरूनने मात्र बक्षीस घेतलं आणि शर्यतींना कायमचा रामराम ठोकला.

आणि तो आरसा? पुढे हॅरूनने स्वतःच कबूल केलं: विटांवर गाडी इतकी थडथडत होती की त्यात धड काही दिसतच नव्हतं.

१९६१ मध्ये उरलेल्या विटांवरही डांबर चढलं. आता सुरुवातीच्या रेषेवर एक यार्ड रुंदीचा पट्टा तेवढा उघडा आहे. गाड्या तो डोळ्याचं पातं लवायच्या आत ओलांडतात.